टायरच्या कडेवरील लेख : मोटारघराच्या टायरनिवडीचा भाषिक अंगाने विचार

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवितात तिला मराठीत 'धाव' म्हणतात. हा शब्द 'धावणे' या क्रियापदाशी जोडलेला दिसतो. इंग्रजीतील 'टायर' हा शब्द मात्र बहुधा पोशाख या अर्थाच्या एका जुन्या शब्दाचा संक्षेप असावा, असे कोशकार मानतात. एकाच वस्तूस एका भाषेने तिच्या कामावरून नाव दिले, तर दुसरीने तिच्या ठेवणीवरून. धाव बसविण्याची कृती खेड्यापाड्यांतून अनेकांनी पाहिलेली असेल. गोवऱ्यांचे रिंगण पेटवून त्यात धाव तापवावयाची, ती प्रसरण पावली की सांडशींनी उचलून चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतून तिला आवळून घ्यावयाची. सुमारे 4.4 मीटर परिघाची धाव 500 अंशांनी तापली म्हणजे जेमतेम 26 मिलिमीटर वाढते. तेवढ्या फरकावर साऱ्या चाकाची मजबुती अवलंबून. म्हणून लोहार प्रत्येक चाक स्वतः मोजून मगच धाव कापीत असे. धावेवर कोणताही अंक अथवा अक्षर लिहिण्याची त्याला गरज नव्हती, कारण धाव, चाक आणि ते मोजणारा माणूस एकाच अंगणात असत.

रबरी टायराची गोष्ट निराळी आहे. तो एका गावी तयार होतो, दुसऱ्या गावी विकला जातो आणि ज्या गाडीखाली जावयाचा ती त्याच्या कर्त्याने कधी पाहिलेलीही नसते. लोहाराच्या मोजमापात जे ज्ञान होते, ते आता टायराच्या कडेवर लिहून पाठवावे लागते. डनलॉपने बेलफास्ट येथे 1888 मध्ये हवेचा टायर प्रचारात आणल्यापासून हा लेख हळूहळू लांबत गेला. आज त्याला स्वतःची वर्णमाला आहे, पदक्रम आहे, अप्रचलित होऊनही टिकून राहिलेले शब्द आहेत, आणि एकाच चिन्हाला स्थानपरत्वे दोन अर्थही आहेत. एवढी सामग्री असलेला लेख भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे कारण नाही. शिवाय हा लेख चुकीचा वाचला गेला, तर त्याचा परिणाम परीक्षेच्या गुणांवर होत नाही; तो भर उन्हात, भरधाव महामार्गावर, गाडीत बसलेल्या माणसांवर होतो.

हा धोका सर्वांत अधिक ज्या वाहनास आहे ते म्हणजे मोटारघर. शासकीय भाषेत त्यास 'कॅरॅव्हॅन' म्हणतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पूर्व विदर्भात अशा प्रवासास अनुकूल ठिकाणे पुष्कळ आहेत. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधचा तलाव आहे, नागझिऱ्याचे अरण्य आहे, सालेकसा तालुक्यात हाजरा धबधबा आहे. आणि नागपूर–रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 कोहमारा व देवरी या गावांवरून जिल्हा ओलांडून जातो. अर्थात चाकांवरचे घर ही कल्पना या प्रदेशास अगदीच नवी म्हणता येणार नाही. गाडी हेच घर मानणारी गाडिया लोहारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुलुखभर हिंडत आली आहेत. इतरांची लोखंडी कामे करून देणाऱ्यांचे घरच धावेवर चाललेले असावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

मोटारघराच्या टायराचा विचार साध्या मोटारीप्रमाणे करून चालत नाही. मोटारीत वर्षातून चार-दोन वेळाच पुरती माणसे व सामान भरलेले असते. एरवी टायरावर त्याच्या क्षमतेच्या मानाने हलका भार असतो. मोटारघरात पलंग, ओटा, कपाटे, शीतपेटी, विजेरी घट आणि पाण्याच्या टाक्या कायमच्या बसविलेल्या असतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलोग्रॅम. गाडी रिकामी अशी कधी नसतेच. भारतात अशी घरे बहुतेक प्रवासी अथवा मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर बांधतात, आणि त्या सांगाड्याच्या वहनक्षमतेचा मोठा हिस्सा सामान ठेवण्यापूर्वीच संपलेला असतो. दुसरे असे की, ही गाडी चालते थोडी आणि उभी राहते फार. पावसाळ्यात जंगलाची दारे बंद असतात, उन्हाळ्याच्या भर तडाख्यात हौशी माणूसही घर सोडीत नाही. म्हणजे वर्षाचे सात-आठ महिने सारा भार टायराच्या एकाच भागावर टेकून राहतो. त्यामुळे टायराची नक्षी झिजत नाही. मालक खाली वाकून पाहतो, खाचा खोल दिसतात, आणि टायर नवाच आहे असे समजून निश्चिंत होतो.

नक्षीच्या खाचांत 1.6 मिलिमीटर उंचीचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली की टायर बदलावयाचा, हा नियम मोटारचालकांच्या अंगवळणी पडलेला आहे. मोटारघराच्या बाबतीत ही खूण पाहण्याची वेळ सहसा येतच नाही. येथे टायर झिजून मरत नाही. भाराने, उष्णतेने आणि वयाने मरतो. या तिन्हींची वार्ता नक्षीत नसते, कडेवरील लेखात असते.

उदाहरणादाखल '225/75 आर 16 सी 121/120 आर' हा लेख घ्यावा. पहिला अंक टायराची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा अंक स्वतंत्र माप नाही. टायराच्या कडेची उंची रुंदीच्या शेकडा 75 आहे, एवढेच तो सांगतो. म्हणजे उंची 168.75 मिलिमीटर. व्याकरणाच्या भाषेत तो पहिल्या पदाचे विशेषण आहे. पहिल्यावाचून त्याला अर्थ नाही. 75 तसेच ठेवून कोणी 225 च्या जागी 215 घेतला, तर टायर केवळ अरुंद होत नाही, बुटकाही होतो. पहिल्याचा व्यास सुमारे 744 मिलिमीटर भरतो, दुसऱ्याचा 729. पुढील 16 हा अंक चाकाच्या लोखंडी तबकडीचा व्यास आहे, आणि तो इंचांत आहे. एकाच वाक्यात मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशा तीन मोजपद्धती शेजारी शेजारी नांदतात, आणि कोणत्याही एककाचे नाव लिहिलेले नसते. वाचकास ते स्थानावरूनच ओळखावे लागते.

'आर' हे अक्षर वाक्यात दोनदा आले आहे. पहिला 'आर' रेडियल रचनेचा, म्हणजे ज्यात आतील दोऱ्यांचे थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात अशा टायराचा. शेवटचा 'आर' वेगाचा. ताशी 170 किलोमीटरपर्यंत हा टायर आपला भार वाहू शकतो, असा त्याचा अर्थ. वेगाची अक्षरे साधारणतः वर्णमालेच्या क्रमाने चढत जातात. 'क्यू' म्हणजे 160, 'आर' 170, 'एस' 180, 'टी' 190. मात्र 'एच' हे अक्षर आपली जागा सोडून 'यू' आणि 'व्ही' यांच्या मध्ये 210 वर बसले आहे. केवळ वर्णमालेवर विसंबणारा वाचक येथे हटकून फसतो. जुन्या आडव्या-तिरप्या थरांच्या टायरांवर पहिल्या 'आर'च्या जागी नुसती आडवी रेघ असते, जसे '7.50-16'. विरामचिन्हासारखी दिसणारी ही रेघ वस्तुतः रचनावाचक पद आहे. ती न वाचता एका आसावर एका बाजूस रेघेचा आणि दुसऱ्या बाजूस 'आर'चा टायर बसविला, तर दोन्ही टायर वळणावर निरनिराळ्या रीतीने वागतात.

'सी' हे अक्षर व्यापारी वाहनांच्या टायराचे. त्याची कड जाड व ताठ असते आणि तो अधिक हवेवर चालतो. युरोपात मोटारघरांसाठी म्हणून निराळा वर्गच आहे. तेथे 'सी' च्या जागी 'सीपी' ही अक्षरे येतात; सतत जड भार आणि दीर्घकाळ उभे राहणे, या दोन्ही गोष्टी गृहीत धरून तो टायर बांधलेला असतो. भारतीय मोटारघराच्या वाट्यास बहुधा 'सी' वर्गच येतो. तो पुरेसा आहे, मात्र त्याच मापाचा प्रवासी मोटारीचा टायर पुरेसा नाही. मापे जुळतात, टायर चाकावर बसतो, स्वस्तही पडतो. आणि कोणी अक्षर वाचलेले नसते.

सर्वांत अधिक घोटाळा होतो तो 121/120 या अंकांविषयी. हे किलोग्रॅम नव्हेत आणि कशाची शेकडेवारीही नव्हे. हा भारांक आहे. 121 म्हणजे 1450 किलोग्रॅम आणि 120 म्हणजे 1400. पहिला अंक एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. जोडीतील दोन टायर भार कधीच अगदी समसमान वाटून घेत नाहीत, म्हणून तेथे प्रत्येकाची क्षमता थोडी कमी धरतात. भारांक संख्येसारखा दिसतो, परंतु संख्येसारखा वागत नाही. 76 म्हणजे 400 किलोग्रॅम, 100 म्हणजे 800, आणि 124 म्हणजे 1600. चोवीस पायऱ्या चढल्या की भार दुप्पट होतो, म्हणजे एकेक पायरी सुमारे शेकडा तीनाची. 121 च्या जागी 116 घेणाऱ्यास पाचांचाच फरक दिसतो. प्रत्यक्षात 116 म्हणजे 1250 किलोग्रॅम, आणि प्रत्येक चाकामागे 200 किलोग्रॅम क्षमता गेलेली असते. अंकाने लिहिलेली ही संज्ञा आहे असे मानून वाचले, तरच तिचा अर्थ लागतो.

शब्दाचा अर्थ बदलतो आणि शब्द मात्र तसाच राहतो, याचा उत्तम दाखला 'पीआर' हे पद आहे. टायरात सुती थर असत त्या काळी आठ 'पीआर' म्हणजे खरोखरच आठ थर. पुढे नायलॉन आणि पोलादी तारा आल्या, थोड्या थरांतच तेवढे बळ मिळू लागले. तरी 'आठ पीआर'चा टायर आठ सुती थरांइतका मजबूत, या अर्थी शब्द टिकून राहिला. आजच्या आठ 'पीआर'च्या टायरात आठ थर असतात असे नाही. दुकानात मात्र हाच शब्द अजून अधिक चालतो. गिऱ्हाइकाने भारांक विचारला तर पुष्कळदा उत्तर 'पीआर'मध्ये मिळते. अशा वेळी वाद न घालता टायर उजेडात घेऊन कडेवरील अंक स्वतः वाचावा.

आता मुख्य प्रश्न असा की, आपल्या गाडीस किती भारांक हवा हे ठरवावयाचे कसे? लोहार चाक मोजीत असे, त्याप्रमाणे येथे गाडी मोजावी लागते. याबाबत गोंदिया जिल्हा भाग्यवान म्हटला पाहिजे. हा भातगिरण्यांचा मुलूख असल्यामुळे धानाचे ट्रक तोलणारे वजनकाटे येथे शोधत हिंडावे लागत नाहीत. पाण्याच्या टाक्या, इंधन, सामान आणि माणसे यांसह भरलेले मोटारघर काट्यावर न्यावे. प्रथम फक्त पुढील चाके काट्यावर घेऊन वजन करावे, मग सारी गाडी, आणि शेवटी जमल्यास केवळ एका बाजूची चाके. हा तिसरा तोल बहुतेक जण टाळतात, आणि चूक नेमकी तेथेच लपलेली असते. समजा, मागील आसावर 2400 किलोग्रॅम भार आहे आणि मागे दोनच चाके आहेत. सरासरीने प्रत्येकी 1200 येतात; 1250 चा टायर, म्हणजे भारांक 116, पुरेसा वाटतो. परंतु ओटा, पाण्याची टाकी आणि शीतपेटी सुताराने सोयीसाठी डाव्या अंगास बांधलेली असतील, तर डाव्या चाकावर 1300 आणि उजव्यावर 1100 असेही निघू शकते. सरासरी खरी आहे, आणि तरीही डावा टायर रोज क्षमतेबाहेर राबतो आहे. येथे निदान 118, म्हणजे 1320 किलोग्रॅमचा टायर हवा, आणि शहाणपणाने पाहता 121 चा. हे करताना नोंदणीपत्रात व सांगाड्याच्या पट्टीवर दिलेली आसभाराची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हेही पाहावे. टायर बळकट घेतल्याने आस बळकट होत नाही.

हवेचा हिशेबही या भाराशीच बांधलेला आहे. कडेवर लिहिलेली वहनक्षमता टायराची स्वतःची नसून आतील दाबलेल्या हवेची असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दर चौरस इंचास 65 पौंड हवेवर 1450 किलोग्रॅम उचलणारा टायर 45 पौंडांवर तेवढे उचलू शकत नाही. त्याची कड अधिक वाकते, वाकण्याने तापते, आणि तापलेले रबर थरांपासून सुटू लागते. गोंदियाच्या हवामानाने यात आणखी एक गुंतागुंत केली आहे. मे महिन्यात येथे पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पौष-माघातील पहाट बोचऱ्या थंडीची असते. बंद जागेतील हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. 27 अंशांवर 65 पौंड भरलेली हवा 47 अंशांवर 70 पौंडांपर्यंत चढते. दुपारी पेट्रोल पंपावर तो आकडा पाहून 'हवा जास्त झाली' म्हणून ती सोडून देणारे कमी नाहीत. ती जास्त झालेली नसते. टायर गार झाला की पुन्हा 65 वर येणार असते. सोडून दिल्यावर मात्र ती 60 वर येते, आणि पुढचा प्रवास अपुऱ्या हवेवर होतो. याच्या उलट, मे महिन्यातील 30 अंशांच्या पहाटे 65 पौंड भरून ठेवलेली गाडी जानेवारीत 10 अंशांच्या पहाटे काढली, तर कोठेही गळती नसताना दाब 60 च्या खाली उतरलेला सापडतो. म्हणून हवा नेहमी गार टायरात, शक्य तर सूर्योदयापूर्वी तपासावी. येथे व्हॉल्वचाही उल्लेख केला पाहिजे. साध्या रबरी बुडाचे व्हॉल्व साधारणतः 65 पौंडांपर्यंतच्या दाबासाठी असतात; त्यापुढे धातूचे अथवा अधिक दाबाचे म्हणून बनविलेले व्हॉल्व घ्यावे लागतात. हजारोंचे टायर घेऊन थोडक्या पैशांचा जुना व्हॉल्व तसाच ठेवणे, हा प्रकार वरचेवर घडतो.

वयाची नोंद कडेवर चार अंकी असते. 2000 सालापासून पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, असा संकेत आहे. '2319' म्हणजे 2019 मधील तेविसावा आठवडा. '1224' हा लेख वाचून कोणी डिसेंबर 2024 असा अर्थ करील. तो चुकीचा आहे, कारण बारावा आठवडा मार्चमध्ये येतो. '4724' सारखा लेख असला की महिना म्हणून वाचताच येत नाही आणि वाचक सावध होतो. फसवणूक होते ती पहिल्या बारा आठवड्यांतच. रबरात ओझोन व ऊन यांपासून संरक्षण करणारी जी मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात, ती टायर फिरताना व वाकताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरास हे संरक्षण मिळत नाही, आणि कडेवर बारीक चिरा पडू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दिसावयास कितीही चांगला असला तरी दहा वर्षांपुढे टायर ठेवू नये, अशी अनेक उत्पादकांची शिफारस आहे. उघड्यावर, विदर्भाच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या जड गाडीसाठी दहा वर्षे ही मर्यादा फारच सैल आहे. सहा-सात वर्षांत बदलणे हेच युक्त. उभ्या गाडीच्या टायरांना ऊन लागू नये म्हणून आच्छादन घालणे आणि महिन्यातून एकदा गाडी थोडी पुढेमागे करणे, एवढे तरी कोणासही करता येते.

खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्युरोची 'आयएसआय' खूण कडेवर आहे की नाही हे पाहावे. मोटारींच्या टायरांसाठी ती गुणवत्ता नियंत्रणाच्या 2009 च्या आदेशाने आवश्यक झाली. व्यापारी वाहनांच्या टायरांवर खुणेसोबत 'आयएस 15636' हा क्रमांक असतो, प्रवासी मोटारींच्या टायरांवर 15633. 'सी' अक्षर विसरले तरी या क्रमांकावरून वर्ग ओळखता येतो. एकाच अर्थाची दोन चिन्हे लेखात असणे वाचकाच्या दृष्टीने उपकारकच. नवी नक्षी चढविलेला जुना टायर मालवाहतुकीत सर्रास चालतो आणि तेथे त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्षभर उभ्या राहणाऱ्या, माणसे नेणाऱ्या जड गाडीस तो घेऊ नये, विशेषतः पुढील चाकांस.

राहिली स्टेपनी. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो विशेषनामापासून आला असावा अशी शंकाही येत नाही. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून नाव घेतलेल्या एका कारखान्याने 1904 च्या सुमारास जोडीचे चाक विकावयास आणले, आणि वस्तूपेक्षा तिचे नाव दूरवर जाऊन राहिले. मोटारघराची स्टेपनी बहुधा गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. ती कधीच जमिनीस लागलेली नसल्यामुळे तिची नक्षी कोरी असते, आणि चार टायर बदलताना पाचवा टायर 'नवाच आहे' म्हणून सोडून दिला जातो. त्याचे वय मात्र इतरांइतकेच, अथवा त्यांच्याहून अधिक असते. त्यात भर अशी की, तारखेचे चार अंक टायराच्या दोन्ही कडांवर असतीलच असे नाही. पुष्कळ टायरांवर ते एकाच कडेवर असतात, आणि ती कड वरच्या अंगास, सांगाड्याकडे तोंड करून असली तर हातात विजेरी घेऊन गाडीखाली शिरल्यावाचून ते वाचता येत नाहीत.